डिजिटल संग्रह सर्वांपर्यंत पोहोचवताना एआयची मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी कागदपत्रं, वर्तमानपत्रं, छायाचित्रं किंवा ध्वनिफिती सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये एआयचा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या.

सगळी पानं स्कॅन करून संकेतस्थळावर चढवली आहेत. आता आणखी काय राहिलं?

राहिलं ते असं, की ती पानं कुणाला सापडत नाहीत. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात अक्षरं दिसतात ती माणसाला. संगणकाच्या लेखी ते गडद आणि फिके ठिपके. शोधपेटीत एखाद्या व्यक्तीचं नाव टाकलं तर ते पान समोर येत नाही. उतारा निवडून कॉपी करता येत नाही. मोबाइलवर अक्षर मोठं करायला जावं तर ओळी पडद्याबाहेर जातात. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या अंध वाचकाने चारशे पानी पुस्तक उघडलं तर त्याला काहीच ऐकू येत नाही. संस्थेच्या अहवालात मात्र ‘इतकी लाख पानं खुली केली’ असं छापून आलेलं असतं.

पान चढवणं आणि पान पोहोचवणं यांतलं हे अंतर भरायला एआयचा उपयोग होतो. पूर्वी हे काम हाताने व्हायचं: कुणीतरी प्रत्येक पान वाचून नोंद करायचं, विषय लिहायचं, नावं काढायचं. हजार पानांपर्यंत हे जमतं, दहा लाखांना नाही.

एआय म्हणजे नेमकं कोणतं तंत्र?

एक नाही, बरीच. छापील मजकूर ओळखणारं ओसीआर, हस्ताक्षर वाचणारी प्रणाली, बोलणं लिहून काढणारी, चित्राचं वर्णन करणारी, मजकुरातून नावं-गावं-तारखा वेचणारी, भाषांतर करणारी आणि अर्थावरून शोध घेणारी. प्रत्येकीच्या चुका वेगळ्या, म्हणून तपासायची रीतही वेगळी. ‘आम्ही एआय वापरतो’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा: कशासाठी?

छापील पान यंत्र कसं वाचतं?

आधी पान सरळ केलं जातं आणि कागदाचा पिवळेपणा व डाग वेगळे काढून अक्षरं उठावदार केली जातात. कोणता ठिपका शाईचा आणि कोणता कागदाचा हे ठरवायची जपानी संशोधक ओत्सु यांची १९७९ सालची पद्धत आजही वापरात आहे. मग पानाची रचना ओळखायची: हा मथळा, हा पहिला स्तंभ, ही जाहिरात, ही तळटीप. त्यानंतर ओळी सुट्या होतात आणि शेवटी ओळीतली अक्षरं ओळखली जातात. टेसरॅक्ट ही मोफत ओसीआर प्रणाली मुळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत तिने सुटी अक्षरं जुळवण्याऐवजी न्यूरल नेटवर्कने (नमुने पाहून शिकणाऱ्या प्रणालीने) अख्खी ओळ वाचायला सुरुवात केली.

सगळ्यांचं लक्ष अक्षरांवर असतं. माझ्या मते खरा घोळ रचनेत होतो. जुन्या वर्तमानपत्राच्या एका पानावर सात-आठ स्तंभ, मध्येच घुसलेली जाहिरात, पुढच्या पानावर गेलेली बातमी. यंत्राने स्तंभ ओळखला नाही तर ते शेजारशेजारच्या दोन बातम्यांच्या ओळी एकमेकींत विणून टाकतं. अक्षरं सगळी बरोबर, मजकूर मात्र निरर्थक. अचूकतेच्या टक्केवारीत ही चूक बऱ्याचदा दिसतच नाही. कानाने ऐकणाऱ्या वाचकाला मात्र ती पहिल्या मिनिटाला कळते.

रचना ओळखण्याचे फायदेही मोठे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२० मध्ये जुन्या वर्तमानपत्रांच्या सुमारे १ कोटी ६३ लाख पानांतून छायाचित्रं, नकाशे, व्यंगचित्रं, मथळे आणि जाहिराती यंत्राकडून वेगळ्या काढून घेतल्या. तोवर त्या वर्तमानपत्रांत फक्त शब्द शोधता येत होता. आता चित्रंही शोधता येऊ लागली.

हस्तलिखितं वाचता येतात का?

येतात, पण आधी शिकवावं लागतं. छापील अक्षराचा साचा ठरलेला असतो. हाताचं अक्षर माणसागणिक, काळागणिक आणि टाकागणिक बदलतं. म्हणून त्या हस्ताक्षराची काही पानं जाणकाराने अक्षरशः जशी आहेत तशी उतरवून द्यायची आणि यंत्राने त्यावरून शिकायचं. ट्रान्सक्रायबस या युरोपात तयार झालेल्या प्रणालीत एका हस्ताक्षरासाठी साधारण पाच ते पंधरा हजार शब्दांचा असा नमुना सुचवला जातो. एकाच कारकुनाच्या हातची दहा हजार पानं असतील तर हा खटाटोप सोन्याच्या मोलाचा. दोनशे वेगवेगळ्या माणसांची दोनशे पत्रं असतील तर सरळ माणूस बसवा. तेच स्वस्त पडेल.

नमुना उतरवतानाच संक्षेप, खाडाखोड आणि समासातल्या टिपा कशा लिहायच्या हे ठरवून घ्यावं. एकाने ‘रा. रा.’ तसंच ठेवलं आणि दुसऱ्याने ते उलगडून ‘राजमान्य राजश्री’ लिहिलं तर यंत्र दोन्ही शिकतं आणि पुढे मनाला येईल ते लिहितं.

देवनागरी आणि मोडीला हे सगळं लागू पडतं का?

आधुनिक छपाईच्या देवनागरीला बऱ्यापैकी. टेसरॅक्टमध्ये मराठीचं प्रारूप (नमुन्यांवरून शिकवून तयार केलेलं मॉडेल) आहेच. अडचणी ठरलेल्या आहेत. शिरोरेषा अक्षरांना जोडून टाकते, मात्रा-वेलांट्या वर-खाली पसरतात, जोडाक्षरांचे आकार शेकड्यांनी आहेत. शिरोरेषेतली फट बुजली की ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो; मग ‘धर’ शोधणाऱ्याला ‘घर’ झालेलं पान सापडत नाही. अनुस्वाराचा ठिपका आणि कागदावरचा डाग यांत यंत्राची गल्लत होते. खिळ्यांच्या छपाईत झिजलेला खिळा आला की अख्ख्या पुस्तकभर तेच अक्षर तसंच चुकतं. अर्थात अशी एकसारखी चूक पुढे एकगठ्ठा दुरुस्तही करता येते.

जुन्या मराठीत आणखी एक मेख आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तें’ असं लेखन सर्रास दिसतं. आजचा वाचक ‘काही’ टाकून शोधतो आणि रिकाम्या हाताने परततो. यावर उपाय म्हणून मूळ मजकूर बदलू नका. मजकूर जसाच्या तसा ठेवा आणि शोधयंत्राच्या पोटात मात्र दोन्ही रूपं एकच समजली जातील अशी सोय करा. आजच्या मजकुरावर पोसलेली प्रारूपं ‘नाहीं’ वाचूनही ‘नाही’ लिहितात, त्यावरही नजर हवी. अभ्यासकाला एखाद्या ग्रंथाचा काळ ठरवायला हाच अनुस्वार कामी येतो.

मोडीची गोष्ट वेगळी. ओळ आधी आखून त्या रेषेखाली अक्षरं लिहीत जायचं, शब्दांत जागा सोडायची नाही, हात उचलायचा नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही अशी ती धावती लिपी. शब्द कुठे संपतो हे वाचकाने अर्थावरून ताडायचं. तिला युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) स्थान मिळालं २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. त्यामुळे शिकवायला लागणारा संगणकीय मजकूरच मुळात तुटपुंजा आहे. इथे यंत्राकडून थेट वाचनाची अपेक्षा करण्यापेक्षा, जाणकारांनी वाचलेल्या मोडी पत्रांचं देवनागरी लिप्यंतर ओळीला ओळ जुळवून साठवत जाणं हे आज करण्यासारखं काम आहे. पुढच्या प्रत्येक प्रणालीला तेच लागणार.

आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या फायलींना एआय अजिबात नको. उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसतात, पण कोणत्या चिन्हाच्या जागी कोणतं अक्षर हे ठरलेलं असतं. त्यासाठी साधा परिवर्तक पुरतो आणि तो अंदाज बांधत नाही.

अचूकता किती असली की पुरे?

कशासाठी पुरे, ते आधी ठरवा. ‘९८ टक्के अचूक’ ऐकायला छान वाटतं. दोन हजार अक्षरांच्या पानात त्याचा अर्थ चाळीस चुका. पाच अक्षरांचा शब्द धरला तर दहातला जवळजवळ एक शब्द कुठेतरी बिघडलेला. शोधासाठी हे बहुतेक वेळा चालतं, कारण महत्त्वाचा शब्द लेखात चार-पाचदा येतो आणि एकदा तरी नीट वाचला जातो. माणसांची नावं मात्र एकदाच येतात, आणि शब्दकोशात नसल्यामुळे तीच सर्वांत जास्त चुकतात. आपल्या पणजोबांचं नाव शोधणाऱ्याला ९८ टक्क्यांचा काही उपयोग नाही. आकडेही तसेच. बिघडलेला शब्द संदर्भावरून सावरता येतो. बिघडलेला आकडा दुसराच पण दिसायला खरा आकडा होतो.

माझं मत असं, की ओबडधोबड मजकूर आजच द्या. निर्दोष मजकूर दहा वर्षांनी देण्याच्या नादात दोन पिढ्यांचे वाचक हातचे जातात. अट एकच: तो मजकूर यंत्राचा आहे हे ठळक लिहा आणि शेजारी पानाचं चित्र ठेवा, म्हणजे शंका आली की वाचक मान वळवून खात्री करून घेईल.

वाचकाला दुरुस्तीची सोय दिली तर आणखी उत्तम. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून जुन्या वर्तमानपत्रांचा ओसीआर मजकूर वाचकांनाच सुधारू दिला, आणि लोकांनी तो मनापासून सुधारला. २००७ साली आलेल्या रीकॅप्चाने तर हेच काम लोकांच्या नकळत करून घेतलं. ‘मी यंत्र नाही’ हे सिद्ध करताना माणसं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जुन्या अंकांतले ओसीआरला वाचता न आलेले शब्द टंकत होती. पहिली रीत मला जास्त आवडते, कारण तिथे माणसाला आपण काय करतो आहोत ते माहीत असतं.

चॅटबॉटला पानाचा फोटो दिला की तो वाचून दाखवतोच. मग वेगळं ओसीआर कशाला?

या प्रश्नावर सध्या सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून सविस्तर.

जुनं ओसीआर चुकलं की चूक चुकीसारखी दिसते. ‘व्याख्याच’च्या जागी ‘व्य।ख्य!च’ आलं की डोळ्याला खुपतं. चॅटबॉटमागची मोठी भाषा प्रारूपं मात्र पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधत लिहितात. पानाचा कोपरा फाटलेला असेल, शाई उडालेली असेल, तर ती रिकामी जागा न ठेवता तिथे बसेल असा शब्द घालतात. व्याकरण शुद्ध, सूर जुन्या काळाचा, आणि शब्द पानावर नसलेला. कधी अख्खी ओळ गाळतात, कधी लेखकाची मुळातली चूक सुधारून देतात. वाचायला तो मजकूर ओसीआरपेक्षा गोड लागतो, म्हणूनच कुणी तपासत नाही.

गुळगुळीत दिसणाऱ्या चुकीचा धडा एआयच्या या लाटेआधीच मिळाला होता. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडेच बदलत आहेत, ६ च्या जागी ८ येतो आहे. फाइल लहान करताना एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे तुकडे यंत्र एकमेकांच्या जागी वापरत होतं. छापून आलेला आकडा स्वच्छ, सुबक आणि चुकीचा होता. तिथे तर अंदाज बांधणारं प्रारूपही नव्हतं.

म्हणून चॅटबॉट वापरूच नये असं नाही. गिचमिड अक्षरांच्या काही पानांवर ही प्रारूपं जुन्या ओसीआरपेक्षा चांगली चालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांना ‘वाचता न आलेला भाग [अवाच्य] असा लिही, काही सुधारू नकोस’ असं बजावावं. त्याच पानाचं साधं ओसीआर काढून दोन्ही मजकूर यंत्राकडूनच ताडून पाहावेत आणि जिथे तफावत असेल तिथे माणसाने पान उघडावं. बजावल्यावरही प्रारूप अंदाज बांधतं, त्यामुळे ताडून पाहणं टाळू नये. शिवाय शब्द पानावर नेमका कुठे आहे याचे निर्देशांक ओसीआर देतं. शोधलेला शब्द पानावर पिवळा करून दाखवायचा तर ते लागतातच.

न उघडता येणारे, जळालेले कागदही एआय वाचतो म्हणे?

इसवी सन ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम इथल्या पपायरसच्या गुंडाळ्या कोळसा होऊन गेल्या. उलगडायला जावं तर भुगा होतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका खुल्या स्पर्धेत सहभागी झालेल्यांनी क्ष-किरणांच्या स्कॅनमधून या गुंडाळ्या संगणकावर उलगडल्या आणि शाईच्या पुसट खुणा ओळखायला यंत्राला शिकवलं. वर्षभरात ग्रीक मजकुराचे सलग स्तंभ हाती आले. या कामात यंत्राने फक्त ‘इथे शाई आहे, इथे नाही’ एवढंच सांगितलं. शब्द वाचले ते पपायरसच्या अभ्यासकांनी. यंत्राला भाषा शिकवलेली नव्हती, त्यामुळे त्याला मजकूर रचता येणं शक्यच नव्हतं. कामाची ही वाटणी मला इतर ठिकाणीही अनुकरणीय वाटते.

जुन्या मुलाखती आणि ध्वनिफितींचं काय?

तीन तासांची फीत ऐकायला तीन तास लागतात, म्हणून ध्वनिसंग्रह हा सर्वांत कमी वापरला जाणारा विभाग. तिथे एआयने खरंच फरक पाडला आहे. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे प्रारूप ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकलेलं आहे आणि स्वतःच्या संगणकावर चालवता येतं. वेळेच्या खुणांसह मजकूर मिळाला की श्रोता थेट हव्या त्या वाक्यावर जातो, आणि कर्णबधिर वाचकाला ती मुलाखत पहिल्यांदाच उपलब्ध होते.

दोष असे: बोली, मिश्र भाषा आणि वयस्कर आवाज यांत अडखळतं. आणि शांततेत बोलतं! फितीत मोठा विराम आला की कधीकधी कुणी न उच्चारलेली वाक्यं लिहून टाकतं. २०२४ च्या एका अभ्यासात सुमारे एक टक्का उताऱ्यांत अशी मनची वाक्यं सापडली. मौखिक इतिहासात माणूस कुठे गप्प झाला हे त्याच्या बोलण्याइतकंच मोलाचं असतं; तिथे यंत्राने वाक्य घालावं यासारखी दुसरी आपत्ती नाही. विराम आधीच ओळखून ते तुकडे वगळले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. कोण बोलतंय हे वेगळं करणारी तंत्रंही आहेत, पण दोघं एकदम बोलू लागले की ती गोंधळतात.

छायाचित्रांचं वर्णन यंत्राकडून लिहून घ्यावं का?

कच्चा मसुदा म्हणून जरूर. ‘एका लाकडी बाकावर बसलेले चार पुरुष, मागे कमान’ इतपत वर्णन यंत्र चांगलं लिहितं आणि काहीच नसण्यापेक्षा ते लाखपट बरं. ते चार पुरुष कोण, प्रसंग कुठला, हे त्याला ठाऊक नसतं. विचारलंत तर ठोकून देतं. छायाचित्रामागे लिहिलेली ओळ, पाकिटावरची नोंद, छायाचित्रकाराची वही हे सगळं वर्णन लिहिताना सोबत द्यावं.

चेहरे ओळखून नावं लावण्यापासून मात्र लांब राहा. चुकीचं नाव एकदा संग्रहात शिरलं की तिथून पुस्तकांत जातं आणि परत येत नाही. हयात माणसांच्या बाबतीत तर तो त्यांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे.

अंध किंवा कमी दिसणाऱ्या वाचकांसाठी मजकूर काढला की झालं ना?

अर्धंच झालं. स्क्रीन रीडर मजकूर वाचतो तो फाइलमध्ये असलेल्या क्रमाने. मथळा मथळा म्हणून नोंदलेला नसेल, तक्त्याच्या ओळी-स्तंभ बांधलेले नसतील, दर पानाच्या माथ्यावरचं ग्रंथनाम मधेच टपकत असेल, तर ऐकणारा दहा मिनिटांत नाद सोडतो. मथळे, तक्ते आणि वाचनक्रम ओळखून खुणा घालण्याचं काम एआयकडून बरंचसं होतं. संकेतस्थळाचं बटण कळफलकाने दाबता येतं का, रंगातला फरक पुरेसा आहे का, हे मात्र साध्या शिस्तीचे प्रश्न आहेत. त्यासाठी डब्ल्यूसीएजी ही संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून केलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत; २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. भपकेबाज एआय शोध बसवलेला आणि शोधपेटीपर्यंत कळफलकाने पोहोचताच येत नाही, असे संग्रह हवे तितके सापडतील.

प्रताधिकाराची भीती घालणाऱ्यांना मराकेश कराराची आठवण द्यावी. २०१३ चा हा आंतरराष्ट्रीय करार छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती करायला मुभा देतो. तो मान्य करणारा पहिला देश भारत होता.

आणि तपासणी खुद्द अशा वाचकांकडूनच करून घ्या, मानधन देऊन. स्वयंचलित चाचणीला हिरवी खूण मिळाली म्हणजे पान ऐकता येतं असं नाही.

‘संग्रहाला प्रश्न विचारा’ अशी सोय ठेवावी का?

आधी शोध सुधारा. शब्दाला शब्द जुळवणारा शोध ‘दुष्काळ’ टाकल्यावर ‘अवर्षण’ असलेलं पान दाखवत नाही. अर्थावरून शोध घेणारी पद्धत मजकुराचं आकड्यांच्या माळेत रूपांतर करते आणि जवळच्या अर्थाची पानं काढून देते. ज्याला ग्रंथालयाची सूचीभाषा येत नाही अशा सामान्य वाचकासाठी हे वरदान. पण अभ्यासकाला नेमका तोच शब्द हवा असतो, तेव्हा जुना शोध काढून टाकू नका, दोन्ही ठेवा.

प्रश्नाला तयार उत्तर देणारी सोय त्याच्या पुढची पायरी. तिथे प्रत्येक वाक्याला मूळ पानाचा दुवा हवाच, आणि तो दुवा खरोखर त्या वाक्याला आधार देतो का हे अधूनमधून तपासायला हवं. संग्रहात उत्तर नसेल तर ‘सापडलं नाही’ म्हणण्याची हिंमत त्या सोयीत असायला हवी. सगळा संग्रह अजून मजकुरात आलेला नसताना ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘घडलंच नाही’ असा अर्थ वाचक काढतो. म्हणून किती भाग वाचून झाला आहे हे त्याच पानावर सांगा.

भाषांतर?

चाळण्यापुरतं चांगलं, उद्धृत करण्यापुरतं नाही. मूळ मजकूर एका टिचकीवर ठेवा.

जुन्या नोंदींत जाती, वंश, अपंगत्व यांबद्दल अपमानास्पद शब्द आहेत. एआयने ते बदलून टाकावेत?

बदलू नका, शोधून काढा. लाखो नोंदींत असे शब्द कुठे आहेत हे यंत्र पटकन दाखवतं. त्यानंतर सूचीकाराने लिहिलेलं वर्णन सुधारायचं आणि जुनं रूप इतिहास म्हणून जपायचं. मूळ दस्तऐवजाला हात लावायचा नाही, फक्त वाचकाला आधी सूचना द्यायची. हा निर्णय माणसांनी, त्यातही ज्यांच्याबद्दल ते शब्द वापरले गेले त्यांना सोबत घेऊन करायचा. नवीन विषयशब्द यंत्राकडून लावून घेतानाही सावध असावं: ज्या मजकुरावर ते शिकलं, त्याचेच पूर्वग्रह ते नव्याने चिकटवतं.

सगळंच शोधण्याजोगं करणं योग्य आहे का?

नाही. रुग्णालयाची नोंदवही कपाटात होती तेव्हा कायद्याने खुली असूनही प्रत्यक्षात झाकलेली होती. तिचा मजकूर झाला की कुणाच्याही आजीचा आजार एका शोधात समोर येतो. पोलीस दप्तरं, दत्तकविधानाची कागदपत्रं, खासगी पत्रं यांचंही तसंच. अशी पानं वेगळी काढायला एआयची मदत होते, पण अखेरची चाळणी माणसाचीच.

आदिवासी आणि मूलनिवासी समाजांच्या सामग्रीबाबत २०१९ मध्ये मांडली गेलेली ‘केअर’ तत्त्वं पाहावीत: सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीतिमत्ता. एखादं गाणं अमुक ऋतूतच किंवा अमुक लोकांनीच ऐकायचं असेल, तर ते सर्वांसाठी खुलं करणं ही सेवा ठरत नाही.

बाहेरच्या कंपनीच्या सेवेला पानं पाठवण्यापूर्वी ती त्यांच्याकडे राहणार का, त्यांवर त्यांची प्रारूपं शिकणार का, हे लेखी घ्या. संवेदनशील सामग्री स्वतःच्या संगणकावरच हाताळा.

आमचा संग्रह लहान आहे. सुरुवात कुठून करू?

शंभर पानांपासून. निवडताना चांगली पानं उचलू नका; फाटकी, डागाळलेली, दोन स्तंभांची, हस्तलिखित टिपांची अशी सगळ्या तऱ्हांची घ्या. स्कॅन किमान ३०० डीपीआयचं (दर इंचाला तितके ठिपके) असू द्या, बारीक अक्षराला ४००. ती पानं माणसाकडून अचूक उतरवून घ्या. हा तुमचा कस. कोणत्याही विक्रेत्याने कितीही टक्के सांगितले तरी त्याचं यंत्र या शंभर पानांवर चालवून पाहायचं. पाच-सहा खऱ्या वाचकांना विचारा, की त्यांना काय शोधायचं होतं आणि काय सापडलं नाही. पुष्कळदा असं निघतं, की वर्ष आणि विषयानुसार नीट सूची लावली तरी अर्ध्या तक्रारी मिटतात. डब्लिन कोअर या नोंदी करण्याच्या प्रमाण साच्याचे (शीर्षक, कर्ता, तारीख वगैरे) पंधरा घटक १९९० च्या दशकातले आहेत, पण लहान संग्रहाला आजही पुरून उरतात.

अभिलेखपालाचं काम जाणार का?

टंकलेखन कमी होईल, तपासणी आणि निर्णय वाढतील. भीती वेगळीच आहे. संस्थाचालक ‘आता एआय आहे’ म्हणून जागा भरणार नाहीत, आणि मग यंत्राचं वाचन चुकलं हे ओळखणारा, ती लिपी जाणणारा माणूसच उरणार नाही.

यंत्राने काढलेला मजकूर जपून कसा ठेवायचा?

मूळ स्कॅनपासून वेगळा, पण त्याला बांधलेला. नुसती टेक्स्ट फाइल ठेवू नका. ऑल्टो किंवा पेज या एक्सएमएल प्रकारांत शब्दांच्या पानावरच्या जागाही राहतात. कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीने, कोणत्या तारखेला वाचलं आणि माणसाने तपासलं की नाही, हे प्रत्येक फाइलसोबत नोंदवा. चित्रं आयआयआयएफ या संस्थांमध्ये चित्रांची देवघेव करण्याच्या प्रमाण पद्धतीने ठेवली तर दुसऱ्या संस्थेच्या वाचनसाधनातही ती उघडतात.

पाच वर्षांनी आणखी चांगलं यंत्र आलं तर सगळं पुन्हा करावं लागेल?

हो, आणि ते अपेक्षितच आहे. मूळ स्कॅन दाबून लहान न करता ठेवलं असेल तर पानं पुन्हा कपाटातून काढायची वेळ येत नाही. फक्त वाचन नव्याने चालवायचं. माणसांनी दुरुस्त केलेल्या ओळींवर मात्र ‘हात लावू नये’ अशी खूण असू द्या. नाहीतर वाचकांनी फावल्या वेळात केलेली दुरुस्ती नवीन यंत्र एका रात्रीत पुसून टाकेल, आणि ते वाचक परत येणार नाहीत. जुन्या वाचनाची प्रतही ठेवा. कुणीतरी आपल्या प्रबंधात त्यावरून आकडेवारी काढलेली असते, आणि ती पडताळायची वेळ आली तर तोच मजकूर लागतो.